सेहेचाळीस किलो दोनशे

आईचं वजन सेहेचाळीस किलो दोनशे ग्रॅम राहायला हवं होतं. पणजीच्या हॉस्पिटलातून तिला घरी सोडलं त्या दिवशी डॉक्टरांनी हा आकडा कागदावर लिहिला आणि त्याभोवती दोनदा गोल काढला. तिचं हृदय थकलं होतं आणि अंगात पाणी साठत होतं. ते औषधांनी काढून टाकल्यावर उरलं ते हे वजन. "दोन दिवसांत एक किलो वाढलं तर ते अंग धरणं नव्हे, पाणी समजायचं," डॉक्टर म्हणाले. "पाणी आधी पायांत येतं, मग छातीत."

डिचोलीजवळच्या एका खाणीवर मी एकोणीस वर्षं वजनकाट्याच्या खोलीत काढली. भरलेला ट्रक काट्यावर यायचा, मी आकडा लिहायचो. रिकामा होऊन परत यायचा, पुन्हा लिहायचो. खाणी बंद पडल्यावर एका कारखान्याच्या कोठारात लागलो, तिथंही मोजणंच आहे. त्यामुळे आईचं वजन रोज बघायचं म्हटल्यावर मला वाटलं, हे काम आपल्याला जमेल. भीती होती, पण आकड्यावर लक्ष ठेवलं की ती ताब्यात राहील असं वाटत होतं.

हॉस्पिटलनं आम्हाला एक खोकं दिलं. त्यात वजनाचा काटा, रक्तदाबाचं यंत्र, बोटाला लावायचा चिमटा आणि एक टॅब होता. तीन महिने रोज सकाळी आठ वाजता नर्स त्या टॅबवर येणार, आकडे बघणार, काही वेगळं दिसलं तर डॉक्टरांना विचारून औषध बदलणार. दिवसभरात आईनं काय खाल्लं, काय प्यायलं, ते आम्ही टॅबमधल्या फॉर्मवर भरायचं. पाणी आणि इतर पेयं मिळून दिवसाला बाराशे मिलीच्या वर जाता कामा नयेत. मिठाला जवळजवळ बंदी.

पहिल्या सकाळी आई नवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून खुर्चीत बसली. माझी बायको म्हणाली, "आई, नर्स येतेय, मुलगी बघायला नाही कोण येत."

"येवंदे. माणूस येता म्हटल्यार नीट बसाक नको?"

पडद्यावर तिशीची एक मुलगी आली. मूळची विदर्भातली, बसत होती पुण्यात. तिनं विचारलं, "आजी, माझा आवाज येतोय ना?"

आई माझ्याकडे वळली. "ह्या चेडू खंय असा?"

"पुण्यात," मी म्हटलं.

"पुण्याक? मगे माझो हात कसो धरतलंस गो बाय?"

नर्स हसली. "तुमचा मुलगा धरेल, आजी. त्यांचे हात ते माझेच हात."

"त्याचे हात? ट्रक मोजून मोजून दगड झालेहत ते."

सोय झाली हे मी आधी सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी या पद्धतीच्या विरोधात आहे. पेडण्यातल्या आमच्या घरापासून पणजीला जायचं म्हणजे म्हापशाला बस बदलावी लागते. गाडीनं नेलं तरी वळणांवर आईला उलट्या होतात. पाच मिनिटांच्या तपासणीसाठी आमचे सात तास जायचे आणि परतल्यावर ती दोन दिवस झोपून असायची. आता खुर्चीतून न उठता काम व्हायला लागलं. दुसऱ्या आठवड्यात तिचा रक्तदाब ब्याण्णव आणि चोपन्नवर आला. मी तो आकडा वहीत लिहिला आणि पुढं गेलो, पण नर्स थांबली. "आजी, उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते?" आई म्हणाली, येते, पण म्हाताऱ्या माणसाला यायचीच. त्याच दिवशी दुपारी डॉक्टरांनी एक गोळी अर्धी केली. नर्स नसती तर आम्ही पुढच्या तपासणीपर्यंत थांबलो असतो आणि आई न्हाणीत पडली असती.

पण भीती कमी व्हायच्या ऐवजी मला रोज नवी भीती वाटायला लागली. एका सकाळी नर्स एकदम गंभीर होऊन म्हणाली, "आजींचे ओठ मला निळसर दिसतायत." मी आईकडे बघितलं तर मलाही ते निळे वाटले. बायकोनं जाऊन खिडकीचं जनेल उघडलं. पावसासाठी बाहेरून निळी ताडपत्री बांधली होती, तिचा रंग आत पडत होता. ती बाजूला सारल्यावर ओठ नेहमीसारखे दिसले. दुसऱ्या एका दिवशी बोटाच्या चिमट्यानं प्राणवायू चौऱ्याऐंशी दाखवला. आईनं नुकतीच भांडी विसळली होती, बोटं गार होती. चोळून गरम केल्यावर पंच्याण्णव आला. दोन्ही वेळा काही झालं नव्हतं. पण बायको घरात नसती तर मी निळे ओठ खरे धरून आईला गाडीत घातलं असतं. आणि उलटंही होऊ शकतं हे माझ्या डोक्यातून जाईना. उद्या ओठ खरेच निळे पडले आणि मी ताडपत्रीला दोष देत बसलो तर?

आमचं घर सड्याच्या पायथ्याशी, खोलगट जागेत आहे. मोप्याला उतरणारी विमानं डोक्यावरून जातात, पण फोनला रेंज जेमतेम असते. बोलता बोलता चित्र गोठायचं. नर्स म्हणायची, "सर, तुमच्याकडे आजी हलतायत ना?" नंतर तिनं सांगितलं की तिच्या पडद्यावर एकदा आई डोळे अर्धे मिटून, तोंड उघडं ठेवून गोठली होती आणि चाळीस सेकंद तिलाच काही सुचलं नव्हतं. ती घाबरते हे कळल्यावर मी जास्तच घाबरलो.

हात माझे, हे तिनं चेष्टेत म्हटलं होतं, पण ते शब्दशः खरं होतं. "उजव्या नडगीवर अंगठा दाबा. पाच सेकंद. सोडा. खड्डा किती वेळ राहतो ते सांगा." मी जमिनीवर बसून आईच्या पायावर अंगठा दाबायचो. किती जोरात दाबायचं हे कुणाला सांगून कळत नाही. हलकं दाबलं तर खड्डा पडत नाही, जोरात दाबलं तर आई पाय ओढून घेते. मी दोन सेकंद सांगायचो, नर्स दोन लिहायची. त्या दोनाला काय अर्थ होता कोण जाणे. त्यानंतर ती आईला एका श्वासात आकडे मोजायला सांगायची. आई रोज एकवीसपर्यंत जायची आणि मग माझ्याकडे बघायची, मी ऐकलं की नाही ते.

पाचव्या आठवड्यात तिची भूक परत आली. हॉस्पिटलातून आल्यापासून ती दोन घास भात आणि अर्धी पोळी यावर होती. एका दिवशी अकराच्या सुमारास ती स्वयंपाकघरात येऊन मेजाशी बसली आणि म्हणाली, "माका पेज दी." बायकोनं त्या दिवशी कारखान्यात मला फोन करून सांगितलं. आई पेज जेवली, म्हणजे आई बरी झाली, असं आम्ही दोघांनी धरलं. आमच्याकडे सकाळी अकराला उकड्या तांदळाची पेज घरात सगळेच घेतात. ताट मांडून बसायचं, वाडग्यात पेज, बाजूला खारातली तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात वर्षभर मुरवलेली कोवळी कैरी. रविवारी मीही घेतो. संध्याकाळी फॉर्म भरताना मी 'मधलं खाणं' समोरच्या 'हलकं' या चौकोनावर खूण करायचो. पेयांच्या यादीत पाणी, चहा, कॉफी, दूध, ताक, सरबत आणि सूप होतं. ते सगळं मी मोजून लिहायचो. आईच्या पाण्याच्या बाटलीवर मी शंभर-शंभर मिलीच्या रेघा मारल्या होत्या. तिच्या चहाचा कोप एकशे चाळीस मिलीचा. बेरीज कधीच अकराशेच्या वर गेली नाही.

आणि तरी वजन चढायला लागलं. रविवारी सेहेचाळीस चारशे. सोमवारी सेहेचाळीस आठशे. मंगळवारी सत्तेचाळीस तीनशे.

मला आधी काट्याचा संशय आला. दुकानदाराकडून पाच किलोचं शिक्क्याचं वजन मागून आणलं, काट्यावर ठेवलं. काटा बरोबर. जमिनीचा उतार बघितला, तोही ठीक. मंगळवारी सकाळी नर्सनं पुन्हा पाण्याचं विचारलं.

"काल एक हजार साठ," मी सांगितलं. "परवा एक हजार वीस."

"सर, आकडे जुळत नाहीयेत. एवढ्या पाण्यात एवढं वजन वाढत नाही. आजी मध्ये कुठं पाणी पितात का?"

"माझे आकडे बरोबर आहेत."

"तुमचे आकडे चूक नाही म्हणत मी."

ती असं म्हणाली खरी, पण मला ते लागलं. मग चूक कुणाची? काटा बरोबर, बाटली बरोबर, माझी बेरीज बरोबर, म्हणजे आई चोरून पाणी पितेय. मी तिच्या उशाशी ठेवलेला तांब्या उचलला. न्हाणीतला लोटा बाहेर नेऊन ठेवला. आई खाटेवर बसून बघत होती.

"काय करतंस?"

"नर्स विचारते, पाणी कुठून येतंय."

"आनि तू तांब्यो व्हरतंस? माझ्या घरात माका चोर ठरयतंस?"

"चोर कोण म्हणतंय? तुझ्या चांगल्यासाठीच..."

"तुझ्या वहीच्या चांगल्यासाठी," आई म्हणाली. एवढं बोलताना ती मध्ये एकदा थांबली. ते मी ऐकलं आणि तरी तांब्या बाहेर ठेवला.

बुधवारी वजन सत्तेचाळीस नऊशे होतं. नडगीवरचा खड्डा मी सहा मोजेपर्यंत बुजला नाही. एका श्वासात ती नऊपर्यंत गेली आणि थांबली. दहा म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. नर्स म्हणाली, "मी डॉक्टरांशी बोलून परत फोन करते. आज कामावर जाऊ नका." मी रजा टाकली आणि ओसरीवर येरझाऱ्या घालत राहिलो.

अकरा दहाला टॅब वाजला. या वेळी नर्स कधीच येत नसे. आई स्वयंपाकघरात होती, म्हणून मी टॅब तिथंच घेऊन गेलो. आईनं त्या क्षणी वाडगं दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावलं होतं.

"आजी काय पितायत?" नर्सनं विचारलं.

"पीत नाही," मी म्हटलं. "पेज जेवतेय."

"पेज? भाताची?"

"हो. रोजची."

"रोज?" ती पडद्याच्या जवळ आली. "सर, फॉर्ममध्ये पेज कुठंय?"

"हलकं खाणं. रोज खूण असते."

"मी बिस्किटं समजत होते," ती म्हणाली. "किंवा पोहे. वाडगं दाखवा ना. कितीचं आहे?"

मी बायकोकडे बघितलं. बायकोनं पातेल्यातली उरलेली पेज वाडगं भरून घेतली, गाळणीत ओतली आणि खालचं निवळ मी मोजपात्रात धरलं. भरल्या वाडग्यातून चारशे तीस मिली निघालं. आई एक पूर्ण आणि वर अर्धं वाडगं घेत होती. सहाशे पंचेचाळीस. रोज. ते माझ्या हजार साठमध्ये मिळवलं तर सतराशेच्या वर जात होतं.

"आणि ते बाजूला काय आहे, लोणचं?"

"तोर आहे."

"मिठातली?"

मिठाची बरणी आम्ही वरच्या फळीवर ठेवली होती. आईची आमटी वेगळी, भाजी वेगळी, मासळी तिच्यासाठी अळणी. आणि तोर रोज ताटात होती, ती मीठ आहे हे तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. मी एकोणीस वर्षं इतरांच्या मापातल्या चुका पकडल्या, आणि हे पातेलं माझ्यासमोर दर रविवारी चुलीवर होतं. आदल्या दिवशी उचललेला तांब्या मला आठवला.

"मीच विचारायला हवं होतं," नर्स म्हणाली. "हलकं म्हणजे काय, एवढं तरी."

आई वाडगं खाली ठेवून म्हणाली, "पेज म्हणजे पाणी? लोक पेज जेवन डोंगर खणतत, ते काय पाण्यार?" बोलताना तिला दोनदा दम लागला.

डॉक्टरांनी पाणी काढायची जास्तीची गोळी लगेच द्यायला सांगितली. नर्सनं मला तीन गोष्टी लिहून घ्यायला लावल्या. श्वास मिनिटाला अठ्ठावीसच्या वर गेले, किंवा आईला आडवं होता येईना, किंवा चार वाजेपर्यंत पाचशे मिली लघवी झाली नाही, तर तिच्या फोनची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं. मी म्हटलं, "तुम्ही फोनवर असाल ना?" ती म्हणाली, "मी असेन. पण रेंज असेल का ते मला सांगता येत नाही."

साडेअकराला गोळी दिली. पाऊणला वीज गेली. दोनपर्यंत टॉवरही गेला असावा, कारण फोनवर रेंजची एकही काडी उरली नाही.

त्या दुपारी पाऊस नव्हता, वारा नव्हता, नारळाचं झावळ हलत नव्हतं. आई भिंतीला उशा लावून बसली होती. मी घड्याळ हातात घेऊन तिच्या छातीकडे बघत श्वास मोजत होतो. सव्वीस. पुन्हा मोजले, तेवीस. पुन्हा, सत्तावीस.

"माका बघून मोजू नको," आई म्हणाली. "तू बघतंस म्हणून माका श्वास घेवक येना नाय."

मी उठून बाहेर गेलो. बायको तिच्या मागं बसून केस विंचरायला लागली. थोड्या वेळानं बाहेर येऊन हळूच म्हणाली, "पाठीवर हात ठेवून मोजले मी. तीस."

"तुझं घड्याळ?"

"तुमचंच घेतलेलं."

मी सत्तावीस मोजले होते, तिनं तीस. रेषा अठ्ठावीसची. कुणाचा आकडा धरायचा?

लघवीसाठी आम्ही रेघा मारलेला जग ठेवला होता. दीडच्या आधी एकदा एकशे ऐंशी. अडीचला एकशे वीस. सव्वातीनला नव्वद. बेरीज तीनशे नव्वद. चारला पंचेचाळीस मिनिटं राहिली होती. मध्ये, दोनच्या सुमारास, पाऊण तास मी रेंज शोधत शेताच्या बांधापर्यंत जाऊन आलो होतो, फोन डोक्यावर धरून. तिथंही काही नाही.

मी म्हटलं, "एकशे दहा कमी आहेत. निघायला हवं."

आई म्हणाली, "कमी नाय. दोन वाजता मी न्हाणीत जावन इलंय."

"एकटी? जग का नाही नेलास?"

"पोटच्या झिलाच्या हातात तो जग कितीदा दितलंय मी? तू ता उजेडाक धरून बघतंस. शरम नको?"

"किती होती?"

"थंय काय तुझो काटो बसयलो हा?"

बायको म्हणाली, ती मागीलदारी कपडे काढायला गेली होती, तिनं काही बघितलं नाही. मी आईकडे बघितलं. हॉस्पिटलातून येताना ती म्हणाली होती, आता मेले तरी परत या पलंगावर येणार नाही. ती खरं बोलत असेल तर पाचशे झाले होते आणि गोळी लागू पडत होती. पुन्हा हॉस्पिटलात जायला लागू नये म्हणून बोलत असेल तर पाणी आत होतं आणि आमचा वेळ जात होता. आणि आदल्या दिवशी मी तिच्यावर चोरीचा आळ घेतला होता तो खोटा निघाला होता. आज पुन्हा तिला खोटी ठरवायचं कसं? आणि नाही ठरवलं तर?

"आई, एका श्वासात आकडे म्हण," मी म्हटलं.

तिनं म्हटले. चौदापर्यंत गेली. सकाळी नऊ होते. बायको म्हणाली, "बघा, वाढले." पण एकवीस नव्हते. मला हायवेच्या चढावर रेंज येते हे माहीत होतं. आमच्या घरापासून सहा किलोमीटर. मी म्हटलं, "हॉस्पिटलात नाही नेत. हायवेपर्यंत जाऊ, तिथून नर्सला विचारू."

"आणि तिना सांगल्यान तर?"

"तिनं सांगितलं तर जायचं."

आईनं पाय खाटेखाली सोडले. मग म्हणाली, "माझी शाल घे."

बायको तिला धरून मागच्या सीटवर बसली. मी दुसऱ्या गियरच्या वर गेलो नाही, प्रत्येक खड्ड्याला आरशात बघत होतो. चढ चढल्याबरोबर टॅब थरथरायला लागला. नर्सचे अकरा फोन येऊन गेले होते. मी गाडी कडेला घेतली आणि फोन लावला. पहिल्याच वेळी तिनं उचलला.

मी भराभर आकडे सांगितले. सत्तावीस, तीस, तीनशे नव्वद, चौदा. न्हाणीतलंही सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "सर, टॅब आजींकडे द्या आणि तुम्ही दोघं जरा लांब उभे राहा."

आम्ही गाडीच्या मागं जाऊन उभे राहिलो. ट्रक जात होते, त्यामुळे आतलं काही ऐकू येत नव्हतं. काचेतून आईचं डोकं दिसत होतं, पडद्यावर वाकलेलं. ती बोलत होती, मध्ये थांबत होती, पुन्हा बोलत होती. बायको माझा दंड धरून उभी होती. पाच मिनिटं झाली असतील. आईनं काचेवर टकटक केलं.

"सर," नर्स म्हणाली, "मला वाटतं गोळी लागू पडतेय. पण ते मला वाटतं, एवढंच. आज आजींच्या पाठीला कुणीतरी कान लावून बघायला हवं, आणि ते मला इथून करता येत नाही. पणजी लांब पडेल. म्हापशाला जा. आत्ता जा."

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "बघतंस काय? चल." काही अंतर गेल्यावर आरशात बघितलं तर ती डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून मागं टेकली होती. मी हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. बायको म्हणाली, "झोपली हो. हात गरम आहे. तुम्ही पुढं बघा."

म्हापशाच्या डॉक्टरांनी आईच्या पाठीवर सहा ठिकाणी स्टेथोस्कोप ठेवला. प्रत्येक ठिकाणी ते थांबले. माझ्या आयुष्यात मी कुणाचा चेहरा इतका बारकाईनं बघितला नाही. मग छातीचा फोटो, रक्त, शिरेतून एक इंजेक्शन. "फुप्फुसांत खाली पाणी आहे," ते म्हणाले. "उतरतंय. पण वेळेत आलात." वेळेत म्हणजे किती वेळ हातात होता, हे मी विचारलं नाही. संध्याकाळी सातला त्यांनी घरी सोडलं. पाच दिवसांत वजन सेहेचाळीस तीनशेवर आलं.

नर्सला काय सांगितलंस, हे मी आईला नंतर दोनदा विचारलं. पहिल्यांदा ती म्हणाली, "बायकांचा बोलणा." दुसऱ्यांदा तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. त्या बुधवारी दोन वाजता काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही. तांब्या मी त्याच रात्री तिच्या उशाशी परत ठेवला. तिनं तो बघितला.

आता अकराला तिला मऊ भात मिळतो, निवळ काढून. ती ताटाकडे बघून म्हणते, "ह्या कोणा आजाऱ्याचा?" आणि जेवते.

दहाव्या आठवड्यात नर्स बदलली. पहिलीची बदली झाली की ती सोडून गेली ते कुणी सांगितलं नाही. एका सकाळी पडद्यावर दुसरीच मुलगी होती, आवाज चांगला, बोलणं भराभर. तिच्यासमोर आधीचे सगळे आकडे होते. वजन, रक्तदाब, प्राणवायू. तिनं ते वाचून दाखवले आणि म्हणाली, "छान आहे सगळं."

मी म्हटलं, "एक सांगायचंय. पेजेचं."

तिनं ऐकून घेतलं. टाइप करायचा आवाज आला, मग थांबला. "यादीत पेज नाहीये, सर. मी 'इतर' मध्ये टाकते. आणखी काही आहे का, जे यादीत नाही?"

आहे का, ते मला कसं कळणार? मी टॅब मेजावर टेकवून ठेवला आणि आई उठते तिथून सुरुवात केली. उठल्यावर चूळ भरते, ती थुंकते, गिळत नाही. देवपूजेनंतर तीर्थ घेते, एक कुलेर, म्हणजे चमचाभर. तुळशीला पाणी घालताना ओली बोटं तोंडाला लावते. गोळ्या घेताना दर गोळीला वेगळं पाणी. दुपारी कलिंगड असलं तर दोन फोडी. मी सांगत होतो आणि ती टाइप करत होती, आणि प्रत्येक गोष्टीनंतर मला आणखी एक आठवत होती.

"सांग, सांग," आई खुर्चीतून म्हणाली. "झोपेत गिळतंय ती लाळ राहिली."

नर्स हसली. मी ते किती होत असेल याचा विचार करत होतो.